जीपच्या पोटात किती मावतं

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत, गाडीतलं इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी झाल्याचा दिवा लागला आणि तुम्ही डब्यावरच्या रेघेपर्यंत भरून मोकळे झालात. आमच्या जीपला अशी रेघ नव्हती. तिच्यात किती मावतं हे शोधताना माझी चांगलीच फजिती झाली होती. ते सगळं तुमच्यासाठी लिहून ठेवते.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. भिवंडीतला कापड विणायच्या लूमचा कारखाना बंद पडला आणि तुमच्या आजोबांची नोकरी गेली. त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि अंबाडीकडची अकरा मुलं भिवंडीच्या शाळेत आणायला आणि परत सोडायला सुरुवात केली. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवत होते. जीप मुळात पेट्रोलवर चालणारी, पण आधीच्या मालकाने तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं होतं. तेव्हा असं सर्रास करत.

त्या फेब्रुवारीत जीप दोनदा वाटेत उकळली. बॉनेटमधून वाफ आणि मुलं दप्तरं घेऊन रस्त्याच्या कडेला. दुसऱ्या वेळी अंबाडीचे एक पालक आजोबांना भेटले. त्यांची तीन मुलं जीपमध्ये होती आणि बाकीचे पालक त्यांच्याच शब्दावर चालत.

"दादा, तुमच्यावर राग न्हाय," ते म्हणाले. "पन आता तिसऱ्यांदा झालं, तर सगली पोरं यष्टीनं जातील."

अकराही मुलं गेली, तर जीप दारात उभी राहणार आणि आजोबा घरात बसणार, हे आम्हा दोघांनाही कळलं.

जीप दुरुस्त करणारे आमचे मिस्त्री मूळचे उत्तरेकडचे, पण भिवंडीत वीस वर्षं काढलेले. ते मला 'टीचर' म्हणत. रेडिएटरचं झाकण उघडून त्यांनी आत बोट फिरवलं आणि गंजाने लाल झालेलं बोट मला दाखवलं.

"बोअरचं खारं पानी पिऊन हिचा पेट खराब झाला, टीचर. सगळं साफ करतो. मग कूलंट टाकू. आधा कूलंट, आधा पानी."

अर्धं म्हणजे कशाच्या अर्धं? मी घरून जीपचं इंग्रजी पुस्तक आणलं. शाळेच्या वह्यांसारखं त्याला खाकी कव्हर घातलेलं होतं. त्यातला आकडा मी वाचायला लागले, तर मिस्त्री हसले. "ये किताब उस इंजिन की है, जो इसमें है ही नहीं."

म्हणून मी स्वतः मोजायचं ठरवलं. रेडिएटरच्या खालचा नळ सोडून पाणी बादलीत धरलं आणि दुधाच्या लिटरच्या मापाने मोजलं. सहा लिटर भरलं. मी वहीत लिहिलं, 'जीप: सहा लिटर', आणि खाली पट्टीने रेघ मारली.

जीप सफाईला मिस्त्रींकडे सोडून आम्ही घरी आलो. रविवारी सकाळी गेलो, तेव्हा ते एका ट्रकखाली आडवे पडले होते. मी तीन लिटर कूलंट आणि तीन लिटर पाणी बादलीत ढवळलं आणि रेडिएटरमध्ये ओतलं. गळ्यापर्यंत आलं. वहीशी तंतोतंत जुळलं, आणि मला फार बरं वाटलं.

ट्रकखालून आवाज आला, "टीचर, झाकन मत लगाओ. चालू करून ठेवा, और जाएगा."

"नाही मिस्त्री, मी मोजलंय. सहाच."

"मोजलं असेल तर मग काय! आपन अंगूठाछाप आदमी."

आजोबांनी झाकण लावलं. मुलं नसताना एक फेरी मारून पाहावी म्हणून आम्ही गणेशपुरीला निघालो. अंबाडी नाक्याच्या अलीकडे तापमानाचा काटा वर चढला, आणि नाक्यावर पोचलो तो बॉनेटखालून हिरवा फेस रस्त्यावर सांडू लागला. समोरच्या हॉटेलात ते पालक चहा पीत होते. बशी हातात घेऊनच ते बाहेर आले.

"बाई, आज पोरं न्हाईत म्हणून बरं. उद्या सकाळी मीच बसतो पुढं. बघू, कुठवर जाते ती."

आजोबा माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. झाकणाला हात न लावता ते अर्धा तास थांबले. मग ओलं पोतं टाकून ते हळूच सैल केलं. तुम्हीही तापलेल्या गाडीचं झाकण कधी उघडू नका. हॉटेलातून पाणी आणून मी मापाने ओतत गेले. फेस जेवढा सांडला होता, त्याच्या कितीतरी जास्त पाणी आत गेलं.

"तुझ्या वहीपेक्षा हिचं पोट मोठं दिसतंय, हेडमास्तरीण बाई," शेवटी आजोबा म्हणाले.

दुपारी परत आल्यावर मिस्त्रींनी समजावलं. रेडिएटरचा नळ सोडला की फक्त रेडिएटर रिकामा होतो, इंजिनात पाणी राहतंच. सफाईच्या वेळी त्यांनी इंजिनाच्या कडेचा बोल्टही काढला होता, म्हणून ते पाणीही गेलं होतं. मी ओतलं तेव्हा आत हवा अडकली आणि रेडिएटर भरल्यासारखा दिसला.

मी वहीतलं 'सहा' खोडलं आणि मिस्त्रींना म्हटलं, "आता तुम्ही सांगा, मी ओतते."

नळ आणि बोल्ट दोन्ही सोडून सगळं काढलं. मग साधं पाणी मापाने भरलं. सहाव्या लिटरला पुन्हा गळ्यापर्यंत आलं. या वेळी झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. मिस्त्रींनी माझा हात वरच्या रबरी पाइपवर ठेवला. पंधरा मिनिटांनी पाइप गरम झाला, बुडबुडे आले आणि पाणी झपकन खाली गेलं. ओतलं, पुन्हा खाली गेलं. बुडबुडे थांबेपर्यंत नऊ लिटर झालं.

निवल्यावर ते पाणी काढून मोजलं, तर साडेआठच भरलं.

"अर्धा लिटर कुठे गेलं?" मी विचारलं.

"अंदर ही है. कुठल्या तरी कोपऱ्यात बसलंय, ते निघत नाही. म्हणून आधी कूलंट टाकायचं, नऊचं अर्धं. साडेचार. मग गळ्यापर्यंत पानी. आतलं अर्धा लिटर पान्यात धरायचं."

तसंच, झाकण उघडं ठेवून भरलं. वीस वर्षांत त्यांनी हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

सोमवारी मीही आजोबांबरोबर पहाटेच निघाले. अंबाडीला ते पालक खरंच पुढे, माझ्या शेजारी, येऊन बसले. मागे मुलं दाटीने बसली. भिवंडीपर्यंतचा सगळा रस्ता त्यांनी काट्यावरची नजर हलवली नाही, आणि मी त्यांच्यावरची. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. शाळेच्या फाटकाशी त्यांनी उतरून बॉनेटला पालथा हात लावला.

"दादा," ते म्हणाले, "उद्या मी येत न्हाय. मला शेतावर काम हाय. पोरं येतील."