गोदाआत्याची आरोळी

दौलतच्या गोदाआत्याचं नाव चौकातल्या पाटीवर लागलं. छे, कुठलं लागतंय! हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा.

टळटळीत दुपार. पोटात पिठलं-भात, डोळ्यांवर झापड. उशाशी अर्धवट अर्ज. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ ही निवडणुकीतली घोषणा कुणाची, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक नसेल. दौलतच्या गावाला ठाऊक आहे. उद्या चौकात पाटी लागणार : ‘घोषणेचे जनक कै. नानासाहेब गुंजकर’. दौलत म्हणतो, जनक नव्हे, जननी, आणि ती माझी आत्या. नगरपालिका म्हणते, पुरावा आणा.

दार न उघडताच आत्या आत येते. डोक्यावर भांड्यांचा हारा. वारून सात वर्षं झालीत, म्हणून एकही भांडं वाजत नाही.

“आत्या, घोषणा तुझीच ना गं?”

“घोषणा कसली मेल्या, आरोळी ती! जुनी लुगडी घेऊन भांडी देत हिंडायचे मी.”

खाट दोघांना घेऊन गल्लीतून चालू लागते. दारादारांत बायका उभ्या.

“लुगडं द्यायच्या नि संध्याकाळी रडत परत मागायला यायच्या. म्हणून आधीच बजावायचं, विचार करा पक्का. भांड्यावर नाव घातलं की माघार नाही.”

“मग नानासाहेब?”

“प्रचाराला आला होता. ऐकलंन् नि पुढं जोडलंन्, ‘बादलीवर मारा शिक्का!’ म्हणजे विचार करा म्हणायचं, आणि करू द्यायचा नाही.”

गल्लीची शाळा झालीये. वर्गात मतदानाची रांग. मतपेटीच्या जागी आत्याचा हारा.

“राग नाही आला तुला?”

“आला की! पण बायकांनी खरंच विचार केला. दोनदा पडला नाना.” आत्या पदरात तोंड घालून मनसोक्त हसते.

“पुरावा दे ना पण.”

आत्या त्याचा सदरा चाचपते. “कॉलर विरलीये. तरी चालेल. विचार कर पक्का.”

“केला, केला!” दौलत घाईनं म्हणतो.

जाग येते तेव्हा अंगात सदरा नाही. पोटावर कोरं करकरीत पातेलं, काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं : ‘ताई, माई, अक्का. गोदा.’

दौलत उघड्या अंगानं, खुशीत अर्ज पुरा करतो :

‘तरी सोबतचे पातेले पुरावा म्हणून दाखल करून घ्यावे. मूळ हक्कदार मयत असल्याने सुनावणी दुपारी दोन ते चार या वेळेत ठेवावी, व मा. मुख्याधिकाऱ्यांनी त्या वेळी गाढ झोपलेले असावे, ही नम्र विनंती.’