माफीनाम्यातली दुसरी ओळ

आमच्या आरोग्य केंद्रात आलेल्या बाळंतिणीचं रक्त थांबेना, तेव्हा मी कारकुनाच्या टेबलावरून जीपची किल्ली उचलली. भर दुपार होती. डॉक्टर जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते, तेही एस.टी.ने. जीप लसीकरणाची, त्यांच्या सहीशिवाय हलवायची नाही, असा त्यांचा हुकूम होता.

"सही नाही ना बाई. मले विचारतीन ते," कारकून म्हणाला.

"सांगजो, आयानं हिसकली."

ड्रायव्हर कुरकुरला. पण त्यानं एकदा बाळंतिणीकडे पाहिलं आणि गाडी काढली. आम्ही तिला बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात पोचवलं.

त्यात डिझेल संपलं. दुसऱ्या दिवशीचा देवीच्या लसीचा दौरा बुडाला. गावात लोक पोरं घेऊन बसून राहिले. डॉक्टरांनी वर लिहून कळवलं. मी हंगामी आया, घरात कमावणारी एकटी. एका कागदानं मला काढता आलं असतं.

पंधरा दिवसांनी वरचे साहेब चौकशीला आले. म्हणाले, माफी लिहून द्या, प्रकरण मिटवू. कारकुनानं कागद तयारच ठेवला होता. मी चौथी शिकलेली. अक्षरांखाली बोट धरून वाचलं. 'न विचारता जीप नेली ही माझी चूक झाली. यापुढे असं होणार नाही.'

"पहिली ओळ खरी हाये, साहेब," मी म्हटलं. "दुसरी खोटी. पुन्हा तशी बाई आली तर मी पुन्हा नेईन."

डॉक्टर म्हणाले, आज ही नेते, उद्या कोणी लग्नाला मागेल, जाब मला द्यावा लागतो. ते खोटं बोलत नव्हते. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, जीप एक आणि कामं दोन, यात त्यांचाही दोष नव्हता.

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. मग स्वतःच्या पेनानं दुसरी ओळ खोडली आणि माझी सही घेतली. डॉक्टरांकडून हुकूम लिहून घेतला: अडलेल्या बाळंतिणीसाठी जीप आधी न्यावी, नोंद मागाहून करावी. माझी नोकरी राहिली. डॉक्टर त्यानंतर वर्षभर माझ्याशी कारकुनामार्फतच बोलत.

त्या बाईचं पुढं काय झालं, हे चौकशीत कोणी विचारलं नाही. बाई वाचली. पोर वाचलं नाही.