दगूजिजीची म्हैस आणि पाचटातला ससा

एका शेगडीवर चहा, दुसरीवर हेमराजच्या डब्याची भाजी आणि परातीत ज्वारीचं पीठ, अशा वेळी आमचं मागचं दार कुणी वाजवत नाही. मागच्या दारानं फक्त दगूजिजी येते, आणि ती 'ममता' म्हणत सरळ आत शिरते. त्या दिवशी मात्र थाप पडली. पिठाच्या हातानं दार उघडलं तर जिजीच उभी होती, पदर कानावर घट्ट ओढलेला. आधी तिनं माझ्या खांद्यावरून डोकावून माझा नवरा हेमराज कुठं आहे ते पाहिलं, मग हळूच म्हणाली, "मन्ह्या कानमांगे काहीतरी शे. देख बरं."

कानामागं, केस जिथं सुरू होतात तिथं, ज्वारीच्या दाण्याएवढी फुगलेली गोचीड चिकटली होती.

जिजीनं रॉकेल लाव म्हटलं, नाहीतर पेटलेली उदबत्ती टेकव. मी दोन्ही केलं नाही. डिवचली की गोचीड पोटातलं जखमेत ओकते, एवढं मला ठाऊक होतं. भुवया कोरायचा चिमटा आणला, कातडीला अगदी लागून तिचं तोंड धरलं आणि न पिळता सरळ ओढलं. सबंध निघाली. तर जिजी ती दोन नखांत चिरडायला निघाली. गोचीड नखावर फोडायची ही आमच्या कोरीटमध्ये घरोघरची सवय. मी ती काढून घेतली आणि जिजीला साबणानं हात धुवायला लावले.

जिजी म्हसावदची, लग्न होऊन कोरीटला आली ती इथलीच झाली. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली. मुलगा भाग्येश सुरतेला कापडाच्या कारखान्यात, सून हेमांगी तिकडंच. दोघं तिला बोलावून थकले. ती जात नाही ती चंद्रीसाठी. चंद्री म्हणजे तिची म्हैस. गावाच्या कडेचं आमच्या शेजारचं घर, मागं गोठा आणि त्यापलीकडं कुणाचा ऊस, कुणाची केळी. सकाळ-संध्याकाळ जिजी चंद्रीच्या कानांत, मांड्यांत, शेपटीच्या बुडाशी बोटं फिरवते, करंजाचं तेल चोळते. स्वतःची वेणी दिवसातून एकदा, म्हशीची दोनदा, असं मी चिडवते. ती म्हणते, माझ्या केसांना कुणी दूध मागत नाही.

म्हणूनच ती घाबरली होती. गोचीड म्हटली की सगळे म्हशीकडं बोट दाखवणार, आणि भाग्येशला तर निमित्तच हवं होतं. माय एकटी, वय झालं, म्हैस विकून टाकू, हे त्याचं कधीपासूनचं पालुपद. जिजीनं मला गप्प राहायला सांगितलं. मी कबूल झाले, पण ताप आला तर बोलेन, हेही सांगून ठेवलं.

आठवड्याभरात ताप आला. अंग ठणकत होतं, मनगटांवर आणि घोट्यांवर लाल ठिपके उठले होते. रिक्षा करून तिला नंदुरबारला नेलं आणि डॉक्टरांना पहिल्यांदा गोचिडीचंच सांगितलं. जिजीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी चंद्रीला बाजारातच उभं केलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत, नाहीतर साधा ताप समजून दिवस गेले असते.

लाइम नावाच्या आजाराबद्दल मी कुठंतरी वाचलं होतं, ते विचारलं. ते म्हणाले, तो थंड देशांतला. रानातल्या उंदरांच्या अंगातले जंतू गोचिडीत येतात, हरणं त्या गोचिडी रानभर फिरवतात, आणि मग माणसाला चावल्या की आजार. आपल्याकडं तो क्वचित. पण आपल्या गोचिडींचे आपले ताप असतात, वाट साधारण तीच. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन दिवसांत जिजी उठून बसली. पहिला प्रश्न, चंद्रीला पाणी कुणी दाखवलं?

पण तोवर मायच्या तापाचं कळून भाग्येश सुरतेहून गाडीनं येऊन धडकला होता. शहाद्याच्या गिऱ्हाइकाशी बोलून झालं होतं, दुसऱ्या दिवशी माणूस म्हैस बघायला येणार होता. जिजी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मग एकदम उठून बसली.

"पहिले म्हैस देख," ती म्हणाली. "एक भी गोचीड सापडनी ते ईकी टाक." एक जरी सापडली तरी विकायला तिची ना नव्हती.

भाग्येशनं बाह्या वर केल्या आणि मोबाइलची बॅटरी लावून चंद्रीला शिंगापासून खुरापर्यंत तपासलं. चंद्रीला ते फार आवडलं. डोळे मिटून ती मान पुढं करत राहिली. एकही गोचीड निघाली नाही. घामाघूम होऊन तो गोठ्याजवळच्या उसाच्या पाचटाच्या ढिगावर टेकला, तोच ढिगातून एक ससा उसळला आणि माझ्या पायांजवळून केळीत पळाला. भाग्येश दचकून मागं पाचटातच आडवा. उठला तेव्हा त्याच्या मोज्यांवरून तिळाएवढ्या गोचिडी चढताना मला दिसल्या.

मी चिमटा आणायला वळले आणि गोठ्याच्या दारात बसलेल्या जिजीला विचारलं, दुपारी तू कुठं पडतेस? तिनं ढिगाकडं बोट केलं.

मग हळूहळू सांगितलं. पलीकडचा ऊस तुटला तेव्हा ती ससीण तिथं आली आणि व्याली. चंद्रीच्या अंथरणाला म्हणून ठेवलेलं ते पाचट जिजीनं मग कुणाला हलवू दिलं नाही. पिल्लं मोठी होऊन निघून गेली, ससीण तशीच येत राहिली. ढिगाच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला उन्हात ऊबदार पाचटावर डोकं टेकून जिजी.

"बायंतीनले कशी उठाडू मी?" ती म्हणाली.

भाग्येशनं पँट मोज्यांत खोचली, पूर्ण बाह्यांचा सदरा घातला आणि सगळं पाचट लांब शेताच्या बांधावर नेऊन टाकलं. ससिणीला हवं तर तिथं राहू दे, म्हणाला. शहाद्याला फोन करून म्हैस द्यायची नाही म्हणून कळवलं. चहा पिताना जिजी त्याला म्हणाली, "चंद्रीना अंगवर नही सापडनी, तुन्हा अंगवर सापडनी. आते कोनले ईकू?" भाग्येशला ठसका लागेस्तोवर हसू आलं.

तो गेल्यानंतरच्या सकाळी थाप नव्हती. 'ममता' म्हणत जिजी दुधाचं भांडं घेऊन सरळ आत आली, पाटावर बसली आणि पदर कानामागं सारला. माझे हात पिठात होते, तिला घाई नव्हती.

"चंद्रीले मी रोज देखस," ती म्हणाली. "मन्ह्या कानमांगे तू रोज सकाये एकडाव देखत जाय."