सुकेळी आणि ‘टेक’चं पान

९ मार्च १९५३. वहीवर तारीख आहे म्हणून सांगता येते. त्या दुपारी सांडोरच्या आमच्या वाडीत, मांडवावर वाळत घातलेली राजेळी केळी उलटायचं काम माझ्याकडे होतं. सोललेली केळी आठवडाभर उन्हात राहिली की त्यांची सुकेळी होतात. तोवर प्रत्येक केळं रोज हाताने उलटावं लागतं.

मॅट्रिकची परीक्षा जवळ आली होती. सहामाहीत मी इंग्रजीत नापास झाले होते आणि परत झालीस तर शिक्षण बंद, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. इंग्रजीच्या मास्तरांनी त्यांचा शब्दकोश एका दिवसासाठी दिला होता. स्वच्छ परत आला तर परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहणार होता.

त्यांनी सकाळी ‘टेक’ हा इंग्रजी शब्द शिकवला होता. औषध घेणं, फोटो काढणं, वेळ लागणं, सगळीकडे टेकच. कोशात त्याने दीड पान अडवलं होतं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “एकाच शब्दाला एवढं राबवतात? इंग्रजांकडे शब्दांची टंचाई दिसते.” आणि त्याच दमात, केळी आत घे, हात धुऊन घे, जेवून घे, असं बजावून ती विहिरीकडे गेली.

मी मोजलं. तीनदा ‘घे’, आणि केळी सोडली तर घ्यायचं काहीच नाही. ‘घे’चे हे अर्थ मला कुणी पाठ करायला लावले नव्हते. कामं करता करता कळले होते. मी अर्थांची यादी घोकणं सोडलं आणि टेकच्या एकेका अर्थाचं, मांडवावरच्या कामाचं वाक्य वहीत लिहू लागले. एक केळं उलटायचं, एक वाक्य लिहायचं. हात धुवायचे राहिलेच. संध्याकाळी पाहते तर केळ्यांच्या चिकट पाकाने कोशाची ती दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटून बसलेली.

मी ओढायला लागले. आई म्हणाली, “ओढू नकोस. चिकटलेली सुकेळी ओढतो का आपण?” तिने भाताच्या वाफेवर कोश धरला. पानं सुटली, पण मी ओढलं होतं तिथला चार ओळींचा तुकडा गेलाच. कोश गुपचूप मास्तरांच्या टेबलावर ठेवून यावा, असंही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच पान त्यांच्यापुढे उघडलं आणि शेजारी वही ठेवली. त्यांनी दोन्ही सावकाश वाचलं.

“वाक्यं तुझी?”

मी हो म्हटलं.

“मग गेलेल्या ओळी शाळेच्या कोशातून उतरव, इथे चिकटव, आणि हा परीक्षेपर्यंत ठेव.”

मी आधी हात धुऊन घेतले. मग व्हरांड्यात बसून त्या ओळी उतरवल्या.