धनेशची बसकी गाडी

माझ्या भावाला अक्कल नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगते. पाठीमागे कशाला बोलू? आमच्या जमिनी एअरपोर्टात गेल्या, पैसे आले, तेव्हा गावात कुणी बंगले बांधले, कुणी उलव्यात दुकानाचे गाळे घेतले. आमच्या धनेशनं दोन दारांची निळी स्पोर्ट्स कार घेतली. तीही वापरलेली, मुंबईच्या कुणा शेठची. मी म्हटलं, "अरे येड्या, घरात माणसं पाच आणि गाडीला दारं दोन?" तर म्हणाला, "मनाताय, मागं पण सीट हाय ना." ती मागची सीट म्हणजे पिशवी ठेवायची जागा. मी मनिषा, त्याची थोरली बहीण, पनवेलला ब्युटीपार्लर चालवते, अंगानं भरलेली. मी त्या सीटवर बसले की बाहेर काढायला दोन माणसं लागतात.

पण एक सांगते, धनेश वाईट नाही. लहानपणी बाबांबरोबर मिठागरात राबला, टाचांच्या भेगांत मीठ जाऊन रडायचा, पण घमेलं खाली ठेवायचा नाही. पुढं टेम्पो चालवला, करंजा बंदरावरची मच्छी पनवेलच्या बाजारात आणायची. साबण लावून लावून हात सोलले, तरी सुकटीचा वास जायचा नाही. म्हणून ही गाडी आली तेव्हा स्टिअरिंगला हात लावायच्या आधी तो हात धुवायचा. ते बघून मला हसू यायचं.

मग त्याला खाज सुटली. कंपनीनं बनवलंय ते बरं नव्हतं का? पळस्प्याला शैलेश म्हणून एकाचं गॅरेज आहे, तिथं पडीक राहायला लागला. आधी सायलेन्सर बदलला. गाडी चालू केली की शेजारची पोरं झोपेतून दचकायची. मग मोठी चाकं. मग काचेवर 'आगरी किंग'. आणि शेवटी स्प्रिंगा कापून गाडी इतकी खाली घेतली की मांजर खालून गेलं नसतं. त्याची बायको अंकिता म्हणाली, "हिच्यात बसायचं म्हणजे पाटावर मांडी घालायची. ताट तेवढं वाढा." मी म्हटलं, "चांगल्या गाडीची वाट लावलीस." तो नुसता हसला.

आमचं खरं दुखणं गाडीचं नव्हतंच, आईचं होतं. आई म्हणजे गोदू. जन्मभर तोंडाळ बाई, अख्ख्या आळीला पुरून उरणारी. पण गाव उठवलं, नव्या वसाहतीत तीन मजली घर झालं, आणि आई गप्प झाली. सकाळी जिन्यावर बसायची ती दिवेलागणीपर्यंत. "आई, जेव" म्हटलं की जेवायची, "नीज" म्हटलं की निजायची. डॉक्टर म्हणाले, वय झालं, होतं असं. कसलं वय? आमची आई आमच्या डोळ्यांदेखत विरघळत होती, आणि ती राहावी एवढंच आम्हा दोघांना हवं होतं.

त्या दिवशी उलव्याहून लग्न उरकून येत होतो. भर दुपार. पुढं धनेश आणि आई, मागं मी, गुडघे हनुवटीला टेकवून. एअरपोर्टच्या भिंतीच्या कडेनं नवा रस्ता झालाय, गुळगुळीत, त्यावर पाणी सांडलं तरी कुठं वळणार नाही असा. आणि गाडीचं पोट घासलं. खर्रर्र! माझ्या दातांत कळ गेली.

"आयला! ब्रेकर कवा टाकला?" म्हणत धनेश उतरला. मीही कशीबशी निघाले. ब्रेकर नाही, दगड नाही, खड्डा नाही. लांबवर सपाट रस्ता आणि उन्हाची झिलई. धनेश ओणवा होऊन डांबरावर हात फिरवत राहिला.

आई गाडीत बसून हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा.

"उंबरा लागला," ती म्हणाली.

कसला उंबरा? आमचं गाव या भरावाच्या खाली कुठंतरी आहे, हे खरं. डोंगर फोडून खाडीत ओतला, त्यात आळी गेली, विहीर गेली, आमचं घरही गेलं. पण कुठं, किती खोल, हे कोण सांगणार? खुणेला एक झाडसुद्धा उरलेलं नाही. मी म्हटलं, "आई, ऊन लागलंय तुला, चल." पण ती उतरली. चपला काढल्या, लुगडं जरा वर धरलं, उजवा पाय चांगला वीतभर उचलून पुढं टाकला. मग डोकं वाकवलं, आमच्या जुन्या दाराची चौकट ठेंगणी होती ना, अगदी तसं. आणि मोकळ्या रस्त्यावर उभी राहून म्हणाली, "किती धूळ झाली गं बाय!"

माझा संताप झाला. तिला धरून आणायला मी तशीच पुढं गेले, आणि अंगठा ठेचाळला. असा की डोळ्यांपुढं काजवे चमकले. खाली बघते तर अंगठ्यातून रक्त, आणि पुढं नुसतं सपाट डांबर. आई म्हणाली, "बघून चाल. लग्नाची झालीस तरी उंबऱ्याला पाय लावतंस?"

मी अंगठ्याला रुमाल बांधला, आणि आई तसाच पाय उचलून बाहेर आली तेव्हा तिला गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी शैलेशनं गाडी वर उचलून बघितली. पोटाला एक सरळ ओरखडा, आणि त्यात लाल आणि पिवळं भरलेलं. शैलेश म्हणाला, "रंगाखालचं प्रायमर असेल, दादा." धनेशनं बोट लावलं, तर ते बोटाला आलं. आई रोज संध्याकाळी उंबऱ्याला हळदकुंकू लावायची, आमच्याकडे सगळ्याच बायका लावतात. निळ्या गाडीला पिवळं प्रायमर कुठून येईल?

मग रोजचंच झालं. चार वाजले की आई लुगडं बदलून तयार. धनेश तिला घेऊन जायचा, पार्लर बंद करून मीही जायची. सरळ गेलं की पोट घासायचं, की आई उतरायची, पाय उचलून आत जायची. आधी गाडी घासली पाहिजे, हे आम्हाला कळलं. अंकिताच्या भावाच्या गाडीनं एकदा नेलं, तर काही नाही. आई रस्त्यावर नुसती पायानं चाचपडत राहिली. बसकी गाडी त्या उंबऱ्याला लागायची, तेव्हाच ते दार असायचं.

आणि आई सुधारत होती हो! परत आली की बोलायची, अंकिताच्या भाकरीला नावं ठेवायची, शेजारणीशी भांडायची. धनेश मला म्हणाला, "बघ, मनाताय, गाडी खाली घेतली ती वाया नाय गेली." मी म्हटलं, "शहाणा आहेस." देवाशपथ, मला बरंच वाटलं होतं.

पण ती आत जास्त जास्त राहायला लागली. रस्त्यावर बसायची, हातानं काहीतरी निवडत. सुकट निवडतात तशी बोटं चालायची, समोर काहीही नाही. मध्येच कुणावर तरी खेकसायची, "अजून आंघोळ नाय केली?" आम्ही तिच्या अवतीभोवती उभे राहून डंपर अडवायचो, डंपरवाले शिव्या घालून जायचे. एकदा परत येताना आई सहज म्हणाली, "तुझा बापूस विचारीत व्हता, पोरानं गाडी बसकी कनाला केली?"

आमचे बाबा, जगन, त्या जुन्या घरातच गेले. गाव उठायच्या कितीतरी आधी. त्यांनी ही गाडी बघितलेली नाही.

धनेशनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. घरी आल्यावर आई ताटावर बसेना. "मी जेवून आयले," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तोंडाला मात्र तिच्या मच्छीच्या कालवणाचा वास येत होता, आणि आमच्याकडे त्या दिवशी सोमवार, घरात कुणी मासळी आणलीच नव्हती.

मी म्हटलं, "धनेश, बास आता. कुठं जाते ती कळत नाही, आणि एक दिवस येणार नाही." तो म्हणाला, "शेवटचं नेतो. निरोप घेऊन येऊ दे तिला." मला ते पटलं. कुणाला पटलं नसतं?

शेवटच्या दिवशी आई आत गेली, बसली, हसून कुणाशी तरी बोलत होती. नेहमी ती आपणहून उठायची, दाराशी यायची, पाय उचलून बाहेर पडायची. धनेश दारापाशी उभा होता, म्हणजे आम्ही ज्याला दार समजत होतो तिथं. आणि पलीकडून एक डंपर आला. मी हात हलवला, बोंब मारली, पण तो काही थांबेना. आई पाठमोरी. धनेश धावला. दाराकडून फेरा घालायला वेळ कुठं होता? तो आडवा घुसला, तिच्या दंडाला धरलं आणि तिला बाजूनं, सरळ, कडेला खेचलं.

आई ओरडली. तसं ओरडणं मी आयुष्यात ऐकलं नाही, बाबा गेले तेव्हाही नाही. "भिंत! पोरा, भिंत हाय!"

डंपर धूळ उडवत गेला. आई कडेला पडलेली, धनेशच्या मांडीवर. लुगड्याला, केसांना, भुवयांना पांढरा चुना लागलेला. आमच्या जुन्या घराच्या भिंतींना चुना होता.

तिनं डोळे उघडले, धनेशकडे बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुमी कोन? मना लागलं नाय हां भाऊ. बरं झालं तुमी व्हता."

डॉक्टर झाले, स्कॅन झाले. डोक्याला मार नाही, रक्त नाही, सगळं नीट. घाबरलीय, येईल ताळ्यावर, म्हणाले. धनेश त्या गाडीवर असा चिडला की बास. शैलेशकडून कंपनीच्या नव्या स्प्रिंगा मागवल्या, सायलेन्सर जुना बसवला, 'आगरी किंग' नखांनी खरवडून काढलं. "कुठून मना ही बुद्धी झाली," म्हणत कपाळ बडवून घ्यायचा. गाडी पुन्हा होती तशी उंच झाली, शहाण्या माणसाची गाडी.

आई मात्र आली नाही. म्हणजे घरात आहे, जिन्यावर बसते, हाका मारल्या तर वळून बघते. पण पाहुणीसारखी. अंकिताला म्हणते, "पाणी मिळंल का बाय? त्रास देते तुमाला." ताट वाढलं तर अर्धं ठेवते, लोकाच्या घरी पोटभर जेवू नये म्हणून. शेजारणीनं मुद्दाम भांडण काढून बघितलं, तर हिनं हात जोडले. आमच्या आईनं! धनेशनं पाय धरून "आई, मी धनेश गं" म्हटलं, तेव्हा ती इतकी भेदरली की रात्रभर आपल्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून बसली. तेव्हापासून तो तिला आई म्हणत नाही.

एक दिवस तो पार्लरमध्ये आला. बायका बसलेल्या, तरी आत घुसला. "मनाताय, मी तिला दारानं नाय आणली. भिंतीतून खेचली. आंग तेवरं आयलं." मला म्हणायचं होतं, काहीतरी बडबडू नकोस. पण तो चुना मी बघितला होता. मी म्हटलं, "मग परत ने. उंबऱ्यावरून आण."

शैलेशनं स्प्रिंगा पुन्हा कापल्या. नको म्हणत होता, धनेश ऐकेना. पहिल्यापेक्षाही खाली घेतली. त्याच संध्याकाळी आम्ही आईला घेऊन निघालो. वसाहतीच्या कमानीशी गाडी घासली. रेल्वे पुलावर घासली. पळस्प्याच्या फाट्यावर तर अशी घासली की लोक वळून बघायला लागले. आणि एअरपोर्टच्या भिंतीशी आलो, ती जागा आली. धनेशनं गाडी अगदी चालत्या माणसाच्या वेगानं नेली.

काही नाही. लोण्यावरून गेल्यासारखी गेली. परत फिरवली, परत तेच. धनेश गाडी पुढं मागं करत राहिला, मागचे लोक हॉर्न मारत राहिले, तो रडत होता आणि गाडीचं पोट कुठंच लागत नव्हतं.

अजून तो रोज जातो. आणखी खाली घेतलीय गाडी. आता ती सगळ्या पनवेलभर घासते, त्या एका जागेखेरीज. शैलेश म्हणतो, आता खाली घ्यायला जागाच नाही. चार वाजले की आई आपणहून येऊन पुढच्या सीटवर बसते, पिशवी मांडीवर घेऊन, अंग चोरून. काल मी मागं होते. गाडी निघाली तशी ती धनेशला म्हणाली, "भाऊ, मना आमच्या घराजवल सोराल काय? पोरं वाट बघत असतील."

"हो मावशी," धनेश म्हणाला, "तिकरंच चाललोय."