मदतीचं कारण

"वाच की गं. आपलं नाव कुठं हाय?"

माय मला पाठीत ढोसत पुढं ढकलत होती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी डकवली होती. टाइप केलेली, लांबलचक, खाली निळा शिक्का. यादीपुढं दहा-बारा माणसं उभी. मायला वाचता येत नव्हतं. मी सातवीत होते. यादीत आपलं नाव लागलंय एवढंच तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती निंदण अर्ध्यावर टाकून आली होती. हातात खुरपं तसंच.

मी बोट फिरवत खाली आले. अकरावं नाव माझं. त्याच्यापुढं मायचं. त्याच्यापुढं जात. आणि शेवटी एक रकाना, वर लिहिलेलं – मदतीचं कारण.

एकीपुढं 'वडील मयत'. एकीपुढं 'पतीने टाकलेली'. एकीपुढं 'पती व्यसनी, मारहाण'. माझ्यापुढं होतं, 'वडील एड्सने मयत. आई बाधित.'

मी वाचलं. मनातल्या मनात. पुन्हा वाचलं.

"काय लिवलंय?"

"नाव हाय."

"अन् त्याच्या फुडं?"

मी यादीवरचं बोट काढून घेतलं. मागं उभ्या असलेल्या एका माणसानं तो रकाना वाचला. मोठ्यानं. शाळेत धडा वाचतात तसा, एक-एक शब्द सुटा करून. वाचून झाल्यावर त्यानं मायकडं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला. मग सगळेच सरले. भिंतीपुढं आम्ही दोघीच उरलो.

माझा बाप कशानं मेला, हे मला भिंतीनं सांगितलं. माझी माय मरणार आहे, हेही भिंतीनंच.

हिंगोली तेव्हा नुकतीच परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाली होती. आमचं गाव कळमनुरीजवळ. गावाच्या खालच्या अंगाला आमचा बौद्धवाडा. बाप ट्रकवर होता. आजारी पडून घरी आला, वाळत गेला आणि मेला. मायचं रक्त नांदेडला तपासलं. डॉक्टरनं तिला दार लावून सांगितलं होतं. मायनं ते कुणालाच सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. मला तर नाहीच.

मग केंद्रातली ताई आली. कळमनुरीला एका संस्थेचं कुटुंब मदत केंद्र होतं. अडल्यानडल्या बायांना, बाप नसलेल्या लेकरांना गहू, वह्या, गणवेश द्यायचे. ताई लुनावर आली. आमच्या बाजेवर तिनं पिशवीतला पेपर काढून अंथरला आणि त्याच्यावर बसली. मायनं पाणी दिलं. तिनं तांब्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आत्ताच प्याले." फॉर्म आठ पानांचा होता. लग्न कितव्या वर्षी झालं. किती लेकरं गेली. नवरा मारायचा का. बाहेर जायचा का. मला तिनं अंगणात पाठवलं.

आत काय झालं, ते मायनं मला नंतर सांगितलं. नवरा कशानं गेला, यावर माय गप्प बसली. ताई म्हणाली, "खरं सांगितलं नाही तर फॉर्म पुढं जात नसतो."

मायनं विचारलं, "ताई, हे कुणाला कळणार न्हाई ना?"

"कुणाला कळतंय? फायलीत राहतं. कुलपात."

मायनं सांगितलं. अंगठा दिला.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी मला उठवलं. "तू वऱ्हांड्यात बस. तिथं ऐकू येतं." मी वऱ्हांड्यात बसले. ऐकू येत होतं. पोरी काय कुजबुजत होत्या, तेही येत होतं.

ज्यांच्या वावरात माय निंदायला जायची, त्या बाईनं बांधावरच अडवलं. "उद्यापासून तू येऊ नको. घरात लेकरंबाळं हायेत आमच्या."

"कापसाला रोग लागत न्हाई, बाई," माय म्हणाली.

बाईनं तोंड फिरवलं.

हे वरच्या जातवाल्यांचं होतं. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. पण माझ्या सख्ख्या चुलतीनं आमची पाण्याची घागर ओट्यावरून उचलून खाली ठेवली. हाताला पदर गुंडाळून. ज्या वाड्यात समतेची भाषणं ऐकत मी मोठी झाले, तिथं. ते मी विसरलेले नाही. लपवणारही नाही.

तिसऱ्या दिवशी माय मला घेऊन कळमनुरीला निघाली. बाजाराचा दिवस होता. काळी-पिवळी जीप भरून चालली होती. गावातल्या बायकांनी आमच्याशेजारी बसायला नको म्हटलं, म्हणून आम्ही चालत गेलो.

केंद्रात मॅनेजर साहेब खुर्चीत होते. ताई बाजूला. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही उभ्याच.

माय म्हणाली, "साहेब, नाव राहू द्या. ते कारण तेवढं काढा."

"काढता येत नाही, बाई. मदत खऱ्या गरजूला जाते का, हे दाते विचारतात. लोकांना दिसायला पाहिजे."

"माझं दुखणं लोकाला काहून दिसाया पाहिजे?"

साहेबांनी ताईकडं पाहिलं. ताई हसली. मग साहेब म्हणाले, "फुकट पण पाहिजे आणि लपवायला पण पाहिजे? एवढी लाज होती तर मागायलाच यायचं नव्हतं."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

मी खाली पाहत नव्हते. मी कपाट शोधत होते. कुलपाचं कपाट. ते तिथं नव्हतंच. उघड्या मांडणीवर फायली रचलेल्या. सगळ्यात वरच्या फायलीवर चहाच्या कपाचा गोल डाग. कुणाचा तरी नवरा, कुणाची तरी मारहाण, कुणाची तरी मेलेली लेकरं त्या डागाखाली.

आम्ही चालतच परत आलो. गावात शिरलो. पार भरलेला होता. माय सरळ ग्रामपंचायतीकडं गेली आणि कमरेला खोवलेल्या खुरप्यानं ती यादी खरडायला लागली. चुन्याचे पोपडे पडत होते. शिपाई धावत आला.

"ए बाई! सरकारी भिंत हाय ती!"

"भिंत तुमची असंल. मी माझं नाव काढून राहिले."

"मंग तुझंच काढ ना. समदी काहून खरडतीस?"

"ह्या समद्या बाया काय भिंतीवर राहत्यात का?"

सगळी खरडली. शेवटच्या नावापर्यंत. मग खाली पडलेले कपटे गोळा करून पदरात बांधले. पारावरून कुणीतरी घाण शिवी दिली. मायनं वळून पाहिलंसुद्धा नाही.

आमची मदत बंद झाली. फाइलवर काय शेरा मारला असेल, तो मारला असेल. माय दोन वर्षांनी गेली. मी नववीत होते. खांदा द्यायला वाड्यातली माणसं दारात येऊन उभी राहिली आणि एकमेकांकडं पाहत राहिली. मामानं हात जोडले, तेव्हा चौघं पुढं झाले. घरी जाऊन त्यांनी अंगावरचे कपडे जाळले, हे मला नंतर कळलं.

मावशीनं मला तिच्या गावी, हट्ट्याला नेलं. तिच्याकडं राहून बारावी केली. मग हिंगोलीत एका संस्थेत कार्यकर्ती म्हणून लागले. आता जे लिहिणार आहे, त्याची मला शरम आहे. काम होतं फॉर्म भरायचं. एकट्या बायांची, त्यांच्या लेकरांची माहिती. आणि मी त्यात पटाईत होते. मी बाजेवर पेपर अंथरत नव्हते. पाणी मागून प्यायची. बाया माझ्यापुढं लवकर मोकळ्या व्हायच्या. संस्थेचे सर म्हणायचे, "तुझी माहिती भरीव असते." मला ते गोड लागायचं. दोन वर्षं गोड लागलं.

एकदा पुसेगावच्या बाजूला धनगर वस्तीवर गेले. बाई मेंढरांच्या वाड्याशी बसली होती. नवरा वारलेला. तिची पोरगी सासरहून परत आली होती. सोळा-सतरा वर्षांची. पोरगी पाणी आणायला गेल्यावर बाई हळूच म्हणाली, "हिनं हिरीत उडी घेतली व्हती. मेंढक्यानं काढली. हिचं दुसरं लगीन जमून राहिलंय. ताई, हे कुणाला कळणार न्हाई ना?"

"न्हाई, मावशी. फायलीत राहतंय."

माझ्याच तोंडून. तेच शब्द. माझा हात थांबला, पण पुरता थांबला नाही. मी ते लिहिलं. कारणाच्या रकान्यात. लिहिलं होतं ते लिहिलंच होतं.

दोन महिन्यांनी पुण्याचे देणगीदार पाहुणे येणार म्हणून कार्यक्रम ठरला. मंडप, हारतुरे, स्टेजवर शिलाई मशिनी मांडलेल्या. तीस-पस्तीस बाया लेकरांसकट मागं सतरंजीवर. सकाळी सरांनी माझ्या हातात यादी दिली. नाव, गाव, कारण.

"एकेकीला वर बोलव. आधी नाव, मग कारण वाच. आवाजात जरा ओलावा आण. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

मी यादी पाहिली. सहावं नाव धनगर वस्तीवरच्या त्या मावशीचं. पुढं लिहिलेलं, 'मुलगी परित्यक्ता, आत्महत्येचा प्रयत्न.' पोरगी आईच्या शेजारी बसली होती. नवी साडी नेसून.

"सर, मी कारण वाचणार न्हाई."

"म्हणजे?"

"बायांनी ते मला सांगितलंय. मंडपाला न्हाई."

सर हसले. तसंच. कळमनुरीतल्या ताईसारखं. "संस्थेची माहिती आहे ती. तुला पगार कशाचा मिळतो?"

मी यादी फाडली. आधी उभी, मग आडवी. त्यांच्या तोंडासमोर. दुसरी प्रत काढायची तर भारनियमन सुरू होतं, लाइट चार तासांनी यायची. सर दातओठ खात म्हणाले, "ऑफिसातून फॉर्म आणा. मी स्वतः वाचतो."

कपाटाची किल्ली माझ्याकडं होती. मी गेले. फॉर्मांचा गठ्ठा छातीशी धरून आणला आणि स्टेजकडं न जाता सतरंजीवर गेले. एकेकीला नावानं हाक मारली. तिच्या हातात तिचा फॉर्म ठेवला.

"हे तुमचं हाय. स्टेजवर हे समद्यांपुढं वाचणार हायेत. वर जायचं का न्हाई, तुमी ठरवा."

पाहुणे हिंदी-इंग्रजीत एकमेकांना विचारत होते, काय चाललंय. ती मावशी म्हणाली, "ह्यातलं ते कोणतं?" मी ओळीवर बोट ठेवलं. तिनं कागदाची बारीक घडी केली, पोलक्यात खोवली, पोरीचा दंड धरला आणि उठली. तिच्यामागं आणखी बारा-तेरा जणी उठल्या.

सगळ्या उठल्या नाहीत. एक बाई माझ्यावर धावून आली. "तुझं काय जातंय गं? मला मशीन भेटून राहिली व्हती. वाचू दे की, काय वाचायचं ते!" तिनं फॉर्म सरांकडं नेऊन दिला आणि स्टेजवर जाऊन उभी राहिली. तिचं चुकलं, असं मी कधी म्हणणार नाही. पोटाला भूक असली की माणूस काय काय उघडं करतो, हे मला ठाऊक आहे. चूक तिची नाही. उघडं केल्याशिवाय न देणाऱ्याची आहे.

माझी नोकरी त्याच दिवशी गेली. कागदपत्रं चोरल्याची तक्रार झाली. ठाण्यात जमादारानं विचारलं, "काय चोरलं?"

"काही न्हाई. ज्याचं त्याला दिलं."

त्यानं मला चार वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. वर एकदा विचारलं, "कोणत्या समाजाची?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तरीच." मी म्हणाले, "व्हय. तरीच."

उठून गेलेल्या बायांची मशीन गेली. त्यातल्या दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचा राग मी अंगावर घेतला आहे. तो माझा आहे.

वर्षभरानं सरांनी निरोप धाडला. जुनीच एक कार्यकर्ती घेऊन आली होती. "दोन ओळींचा माफीनामा लिहून दे. तक्रार मागं घेतील. परत कामावर ये. तुझ्यासारखी माहिती कुणी आणत न्हाई."

"म्हणूनच येणार न्हाई," मी म्हणाले.

आता मी मजुरीला जाते, सोयाबीन काढते, शिवणकाम करते. पण आसपासच्या पाच-सहा गावांत फॉर्म घेऊन कुणी आलं, की बाया मला बोलावतात. मी शेजारी बसते. विचारते, हा प्रश्न काहून? हे कोण वाचणार? कुठं ठेवणार? जे लिहिलंय ते बाईला वाचून दाखवा, मग अंगठा. बरेच जण फॉर्म गुंडाळून निघून जातात. जाऊ देत. काही जण म्हणतात, तुमच्यामुळं गोरगरिबांची मदत अडते. मी त्यांना सांगते, मदत मी अडवत नाही. तुम्ही आमच्या अब्रूवर तिचं दुकान लावता, ते अडवते.

मला कुणाशी समेट करायचा नाही. कुणाचं मन वळवायचं नाही. हात पसरणाऱ्या बाईनं आधी उघडं व्हावं आणि मगच तिच्या हातावर काही पडावं, ही रीत जिथं दिसेल तिथं मी मोडणार. विचारून नाही. सांगून.