विश्रामचं व्यासपीठ

१९८४ साली मसुऱ्यात देवळासमोर विश्रामचा सत्कार होता. दशावतारात चाळीस वर्षं त्याने द्रौपदी रंगवली होती. पण व्यासपीठावर पाहुणेच बसले आणि त्याला खाली बाकड्यावर बसवलं.

"दशावतारी जमिनीवरच शोभतात," कार्यवाह हसले.

विश्राम ताडकन उठला. "सायबानू, पुराण सांगता तेका व्यास म्हणतत. तो बसता, ता व्यासपीठ. मी उभो जल्म महाभारत सांगतंय. तुमी खंयची कथा सांगलात?"

कार्यवाह वरमले. "बरं, या वर."

"आता कित्याक?" म्हणत त्याने ते बाकडं लोकांच्या मागे, देवळाच्या अंगणात मधोमध ओढलं, त्यावर पाय ठेवला आणि भरसभेतल्या द्रौपदीचा सवाल खणखणीत टाकला. लोकांनी खुर्च्या फिरवल्या. वरच्या पाहुण्यांना दिसल्या फक्त पाठी.